कोरा तुकडा

आमच्या घरात मला खरं बोलताना अजून कुणी पकडलेलं नाही, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. पण ही गोष्ट खरी आहे, कारण हिचा निम्मा साक्षीदार मीच आहे.

घडलं ते माझ्या भाचीच्या बाबतीत. घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. साधी सर्दी तिला बरी करता येत नाही, पण विषाची डॉक्टर आहे. जंगलात कुठलं औषध मारलं की तिथल्या बेडकांचं, किड्यांचं, पाखरांचं काय होतं, हे ती शोधते.

तिच्या कामाचं जंगल उष्ण, दमट, बारा महिने गच्च हिरवं. सूर्य कलला की बेडकांचा एवढा गलका, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

तिथे झाडं पोखरणारी कीड पडली. एका लाकूडवाल्या कंपनीला सगळ्या जंगलावर विमानातून औषध फवारायचं होतं. ते निर्धोक आहे का, हे ठरवायचं काम भाचीच्या सरांकडे आलं. तिचा बाप लवकर गेला. तेव्हापासून सर म्हणतील ती पूर्व दिशा.

कामाची रीत सोपी. जंगलाचे दोन तुकडे घ्यायचे, मधे ओढा. एका तुकड्यात औषध मारायचं. दुसऱ्याला बोटही लावायचं नाही. त्याचं नाव कोरा तुकडा. मग दोन्हीकडचे बेडूक ऐकायचे. फरक पडला, तर दोष औषधाचा.

फरक पडलाच नाही.

दोन्हीकडचे बेडूक सारखेच गप्प झाले.

"यंदा पावसानं दगा दिला," सर म्हणाले. "औषध बिचारं निर्दोष आहे. अहवालावर माझी सही झाली, तुझी तेवढी राहिली. ती झाली की सुटलो."

तिने मान डोलावली. औषध मारलेल्या तुकड्यातली माती तिने पुन्हा पुन्हा तपासली होती. कोऱ्यातली एकदाही नाही. कोऱ्या पाटीवर अक्षरं कोण शोधतं?

सहीच्या आदल्या संध्याकाळी ती कोऱ्या तुकड्यात गेली. आवाज टिपणारी यंत्रं झाडांवर टांगली होती, ती काढायची होती. उजेड अजून होता.

बेडूक नाहीत. रातकिडे नाहीत.

आपलाच श्वास परक्याचा वाटावा, अशी शांतता.

आणि मग…

च्यॅक… फुस्स.

च्यॅक… फुस्स.

पाठीवरच्या फवारणी पंपाचा आवाज. झोपेतही ओळखला असता तिने.

"कोण आहे?"

समोरच्या झुडपांची पानं ओली होत होती… एकामागून एक… माणसाच्या चालीने. माणूस नाही, पंप नाही. नुसती ओल पुढे सरकत होती, आणि औषधाचा तो डोक्यात जाणारा वास.

मग कुणीतरी खाकरलं.

सर वर्गात शिरण्याआधी खाकरतात ना… अगदी तसं.

पाठोपाठ एका बाईचं दबकं हसू.

भाची पळत सुटली. पण हाडाची शास्त्रज्ञ. पळता पळताही मूठभर माती पिशवीत कोंबलीच.

मुक्कामाच्या तळावरच्या खोलीत सर निवांत चहा गाळत होते. कपडे कोरडे. तिने थेट कोपऱ्यातल्या टेबलावर माती तपासली. चाचणीच्या नळीतला रंग बदलला.

"सर, कोऱ्या तुकड्यात औषध आहे."

सरांनी दुसरा कप भरला. "मग?"

"मग काय, सर? कुणी मारलं?"

"आपण."

तिला वाटलं, थट्टा करताहेत.

"बाळ, ऐन सहीच्या तोंडावर साळसूदपणा नको. कंपनीला शब्द मी दिला, कबूल. पण कोऱ्यातही मारा, म्हणजे फरकच उरणार नाही, ही अक्कल तुझी. माझा तर हात उचलत नव्हता. तूच पुढे चाललीस. ओढ्याकाठी जास्त मारा, तिथे बेडूक जास्त, हेही तूच दाखवलंस."

"कधी?"

"आईच्या ऑपरेशनला गेलीस आणि मधेच परत आलीस, तेव्हा."

ती मधे परत आली नव्हती. ती आठवडाभर दवाखान्यात, आईच्या उशाशी होती. रोज डबा घेऊन मी जात होतो. निम्मा साक्षीदार म्हणालो, तो एवढ्यासाठी.

तिने तसं सांगितलं. सर हसले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि हसू विरत गेलं.

"मग माझ्याबरोबर… कोण होतं?"

त्यांनी उठून दाराला कडी घातली.

"मामा," भाची मला नंतर म्हणाली, "तो माणूस घाबरला होता, लाजला नव्हता. मी सामील असेन, हे त्याला इतकं सहज पटलं. एवढ्या वर्षांत त्यानं मला हेच ओळखलं का?"

सकाळी पहिल्या गाडीने तिने शहर गाठलं. थेट वनखात्याच्या कचेरीत. अहवाल थांबवा म्हणाली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, बरं नाही का तुम्हाला? आत्ताच तर सही करून गेलात. बसा म्हटलं, तर खुर्ची सगळी ओली करून ठेवलीत."

खुर्ची अजून ओली होती.

सही तिचीच होती.

कचेरीच्या पायऱ्यांवरूनच तिने सरांना फोन लावला. "सर, खरं काय ते साहेबांना सांगा. तुम्ही सांगितलंत तरच हे थांबेल."



"काय सांगू? तुझं रूप घेऊन कुणीतरी आलं होतं, असं? लोक मला वेड्यात काढतील. त्यापेक्षा… तूच होतीस, असंच राहू दे."

ती काही बोलणार, तेवढ्यात पलीकडे, सरांच्या खोलीत, कुणीतरी विचारलं…

"सर, कुणाचा फोन?"

आवाज भाचीचाच.

विमानं उडाली. जंगल आता दोन्ही काठांना गप्प आहे. भाचीने नोकरी सोडली, माझ्याकडे राहते. भास झाला असेल गं, असं मी तिला म्हणत असतो. थापा मारायची सवय इथे कामाला येते.

सरांनी म्हणे दुसरं जंगल हाती घेतलंय. मदतीला कुणी आहे का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.