डोंगरातली वाट, उजवीकडून

त्या रविवारी संग्रहालयात शिरून उल्काला काय मिळणार होतं? ग्वेल्फला परतायची बस सुटेपर्यंत ऊब, स्वच्छ वॉशरूम आणि ओले मोजे वाळवायला आडोसा. चित्रकला तिच्या हिशेबात नव्हतीच.

बाहेर टोरांटोवर बर्फाळ पाऊस तिरका कोसळत होता... आणि चिनी दालनाइतकं रिकामं दालन दुसरं नव्हतं. तिथे काचेच्या लांब पेटीत गुंडाळीचं एक चित्र उलगडून ठेवलेलं. नुसती काळी शाई. डोंगरातली वाट, झोपडी, पाइनची झाडं, पुलावर बोटाच्या पेराएवढा माणूस, मग काठाला लागलेली नाव. उल्का डावीकडून वाकून बघत निघाली, उजवीकडून एक तरुण तसाच वाकून येत होता. पुलापाशी कपाळाला कपाळ धडकलं.

“अरे बापा! काहून उलटा चालतोय हा?” ती पुटपुटली. इथे कोणाला कळणार!

“उलट्या तुम्ही,” तो कपाळ चोळत म्हणाला. चक्क मराठीत! “चिनी चित्र उजवीकडून सुरू होतं.”

“तुम्हाला बरं माहीत!”

“आम्ही ज्यू, मूळचे अलिबागचे. आमची प्रार्थनेची पोथी उजवीकडून उघडते, पाय आपोआप तिकडे गेले. मी इलान. पोथी मात्र फारशी उघडत नाही.”

“मी उल्का, नागपूरची. आणि हा माणूस घर सोडून नावेकडे चाललाय.”

“छे! नावेतून उतरून घरी चाललाय.”

दोघं पुन्हा वाकले. माणसाला तोंडच नव्हतं. शाईचे दोन फटकारे, झालं.

“आणि एवढा कागद कोरा... वायाच की!”

“तिथे धुकं आहे.”

“कुठेय? काही काढलेलंच नाही.”

“तरी दिसलं ना?”

दिसलं होतं. उल्काने कबूल केलं नाही. बस चुकली, तेही नाही.

मग रविवार तिथेच जाऊ लागले. इलान सांगे, ही चित्रं विकायला नव्हती. शिकलेसवरलेले अधिकारी, नोकरी सोडून किंवा सोडायची स्वप्नं बघत, मित्रांसाठी डोंगर काढायचे. पुढे ज्याच्या हाती चित्र येई, तो कडेला आपला लाल शिक्का उमटवी.

“म्हणजे लाइक!”

“तुझ्या कपाळावर मी पहिल्याच दिवशी उमटवला.”

“टेंगूळ होतं ते, येड्या!”

वसंतात तिचं ग्वेल्फचं धान्यसंशोधनाचं काम संपणार होतं. नागपुरात नोकरी ठरलेली, आणि आई गेल्यापासून एकटे राहणारे बाबा वाटेकडे डोळे लावून. इकडे इलानची आई ग्लॅडिस, डायलिसिसवर; तो हलू शकत नव्हता. ‘थांब’ हा शब्द दोघांच्या मध्ये नुसता घुटमळत राहिला.

शेवटच्या रविवारी, दालन उघडल्या उघडल्या, उल्काच म्हणाली, “बोल ना काहीतरी.”

“थांब म्हटलं, तर तुझ्या बाबांचं काय? नाही म्हटलं, तर...” त्याने पहिल्यांदाच तिचा हात धरला. “माझं काय?”

तिने तिथूनच बाबांना व्हिडिओ लावला. सगळं सांगितलं. बाबांनी इलानला पडद्यासमोर बोलावलं.

“वांग्याची भाजी खातोस का रे?”

“खातो, काका.”

“तिखट?”

“रडत रडत खातो.”

बाबा खदखदून हसले. “मग राहा, बाई, तिथंच. माझं काय, दोन पोळ्यांचा तर धनी मी.”

अजूनही ते रविवार आठवले की उल्का स्वतःशीच हसते. नफा सरळ आहे. तिला इलान मिळाला, इलानला ती, ग्लॅडिसबाईंना हक्काने भांडायला सून. किंमत नागपूरच्या माणसाने एकट्याने मोजली. त्या व्हिडिओनंतर, त्या रात्री बाबांच्या स्वयंपाकघरात दिवाच लागला नाही, हे शेजारच्या काकूंनी उल्काला सांगितलं... फार उशिरा.