रिबकाचा घोर

मिशन दवाखान्याच्या फाटकात बंडीचं चाक अडकलं, म्हणून हे सगळं झालं. नाहीतर इंझोरीच्या शालिग्रामनं आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला भरती केलं असतं आणि वऱ्हांड्यात घोंगडी अंथरून आपला पडून राहिला असता. रिबका आत पट्ट्या उकळत बसली असती. वाशीम गावात कोणाला कोणाचं तोंडही दिसलं नसतं. पण चाक अडकलं, बैल अडून बसले, आणि बंडीत बसलेली मनकर्णाबाई, जिला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, ती विचारू लागली, "शालिग्राम, आपून पोचलो का पडलो रे?"

गडबड ऐकून रिबका पाण्याचा तांब्या घेऊन धावली. म्हातारीला पाजलं, मग शालिग्रामपुढे तांब्या केला... आणि तिचा हात असा कापला की सगळं पाणी त्याच्या धोतरावर.

"पानी पाजाले आनलं का मले आंघोळ घालाले?" तो म्हणाला.

"हात कापला जी..."

"काहून? मले पाहून?"

तिनं वर पाहिलं. उंच, सावळा, मिशीत हसू दाबून उभा राहिलेला. खरं काय ते तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. तिचा हात कोणालाही पाहून कापायचा. ती लहान असताना बाप नाल्याच्या पुरातून बंडी काढायला गेला आणि आलाच नाही. तेव्हापासून कोणी परतायला जरा उशीर केला, कुठं कुत्रं रडलं, की पोरीचे हात सुरू. वऱ्हाडात काळजीला घोर म्हणतात, आणि दवाखान्यातल्या आया तिला घोरबाईच म्हणायच्या. पण त्या पोराच्या डोळ्यांत असं काही होतं की तिच्या तोंडून निघालं, "असन..." आणि ती आत पळाली.

एवढंसं खोटं. किती महाग पडावं?

मनकर्णाबाईच्या डोळ्यांवर पट्टी होती, तोवर शालिग्राम दवाखान्यातच होता. रिबका चहा घेऊन आली की तो कपाकडे न पाहता तिच्या बोटांकडे पाहायचा.

"आज कमी कापला. माह्यं काही चुकलं का?"

"चहा घ्या गुपचूप. माय आयकून राह्यली तुमची."

"तिच्या डोयाले पट्टी हाये."

"कानाले नाई ना..."

पट्टीखालून म्हातारीही हसायची. तिला ही पोर आवडली होती. फक्त ती ख्रिस्ताव आहे हे आठवलं की म्हातारी कूस बदलायची.

एकदा गावाहून कोणीतरी ज्वारीची कोवळी कणसं आणून दिली. शालिग्रामनं विहिरीमागं गोवऱ्या पेटवून हुरडा भाजला आणि तिला हाक मारली. गरम दाणे तिच्या तळव्यावर ओतले, तर अर्धे बोटांतून खाली. त्यानं हळूच तिचं मनगट धरलं. धूर, भाजलेल्या कणसांचा वास, आणि तिचा हात त्याच्या हातात गप्प.

"पाह्य... थांबला," तो म्हणाला.

"सोडा. कोनी पाह्यन."

"सोडलं तं पुन्हा कापन." मग जरा थांबून, "माय म्हनते, जिथं जीव, तिथंच घोर. मी बजारातून उशिरा आलो का तिचे बी हात असेच कापते. म्हनून तुहे हात पाह्यले, आन मले समजलं."

 ती हुरडा चावत राहिली.

"पन आमच्या हातचं पानी चालन का तुमच्या घरी?" शेवटी तिनं विचारलं.

"मी तं पेलो ना."

"कुठं पेले? धोतरानं पेलं."

दोघंही हसली. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पट्टी सुटली, म्हातारीला बंडीचे बैल दिसले, लेकाचं तोंड दिसलं, आणि निघायच्या दिवशी शालिग्राम फाटकापाशी थांबला.

"संक्रांत झाली का येतो. मायले सांगून येतो. तिनं घरात घेतलं तं बरं, नाई तं मी बाहेर निंगतो."

"मी माहा देव सोडनार नाई."

"मी देव कुठं मांगतला? तुले मांगून राह्यलो."

संक्रांत आली आणि गेली. शालिग्राम आला नाही.

रिबकाचं खाणंपिणं सुटलं. फाटकाशी बंडी वाजली की ती धावायची, आणि कोणी अडलेली बाळंतीण नाहीतर मोडका पाय पाहून मागं फिरायची. एक दिवस ऑपरेशनच्या खोलीत तिच्या हातून हत्यारांचा ट्रे पडला. डॉक्टर मेमसाहेब रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्या शांतपणे म्हणाल्या, असे हात राहिले तर उद्यापासून धुण्याकडे जा.

ती गोमतीबाईच्या खोलीत जाऊन रडली. गोमतीबाई म्हणजे मिशनमधली म्हातारी बाई. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात आईबाप गेले आणि ती इथं आली, तेव्हापासून बायामाणसांना प्रार्थना शिकवत होती. बोलायला फटकळ.

"प्रार्थना करतो ना मावशी मी. रोज करतो."

"मुठी आवळून करतं तू. म्या पाह्यलं. देवाले दे म्हनते आन हातातलं सोडत नाई. मूठ उघड." तिनं रिबकाचे तळवे वर केले. "आता नाव घे. ठेव. आन मंग उचलू नको. देवानं कुठं ठेवलं म्हनून घडीघडी पाहाले जाऊ नको."

पहिले काही दिवस नुसतं खोटं वाटलं. तळवे उघडे आणि काळीज मुठीत. पण रिबका हट्टी होती. रोज सकाळी ती मिशनच्या ख्रिस्ती देवळात फरशीवर बसायची, तळवे उघडायची, म्हणायची, "बापा, हा शालिग्राम. जिता असो का मेला, तुह्या हवाली." आणि एका सकाळी खरंच तसं झालं. छातीवरचा दगड कोणी अलगद उतरवून घ्यावा, तसं. ती उठली, चहा ओतला, कप भरला आणि बशीत थेंब सांडला नाही. तिनं पुन्हा ओतून पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीला स्वतःचे हात स्वतःचे वाटले. तिला कोणी काही सांगो, ते सुख खरं होतं.

त्याच आठवड्यात इंझोरीचा मारोतराव आला. शालिग्रामचा चुलता. हिवतापाच्या गोळ्या घ्यायला.

"गावात घराघरात मानूस पडून हाये," तो म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

नाव तिच्या ओठांवर आलं. पण दिलेलं उचलायचं नाही... तिनं गोळ्या मोजल्या, पुडी बांधली, कशा घ्यायच्या ते हसून सांगितलं. मारोतराव उगाच घुटमळला, मग गेला. मागं वळून न पाहता ती कामाला लागली. आज आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

फाल्गुनात, भुरभुर पाऊस पडत असताना, शालिग्राम आला. गाल बसलेले, कपडे अंगावर लोंबणारे.

"तापानं पडलो होतो," तो म्हणाला. "मराचाच होतो."

तिनं चहा आणला. कप त्याच्या हातात दिला. त्यानं कपाकडे पाहिलं नाही. बोटांकडे पाहिलं.

"हात कापत नाई तुहा."

"नाई," ती आनंदानं म्हणाली. हीच गोष्ट तिला त्याला दाखवायची होती. तिनं दोन्ही हात पुढं धरले. "पाहा ना. कधीच कापत नाई आता."

"इतके दिस मी आलो नाई... तुले माहा घोर नाई लागला?"

"लागला होता. मंग देवाच्या हवाली केला. आता मले तुमचा घोर नाई राह्यला."

तो पावसाकडे वळून बसला. चहा पूर्ण प्याला, कप खाली ठेवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "सुखी राहा, बाई."

बाई म्हणाला, हे तिच्या ध्यानात आलं. पण आजारी माणूस, दमला असेल, असं तिनं मनाला समजावलं. तो परत येईल की नाही, याचाही तिनं घोर केला नाही.

चैत्रात मनकर्णाबाई चष्म्यासाठी आली. सोबत मारोतराव होता. रिबका चष्म्याच्या काड्या तिच्या कानांमागं बसवत होती.

"तुहे लय उपकार हायेत, पोरी," म्हातारी म्हणाली. "एक तं डोये देले. दुसरं माह्यं लेकरू मांगं देलं."

"म्हंजे?"

"तापात सारखं तुह्यंच नाव. मी बी वाकली शेवटी. म्हनलं, त्या पोरीले याचा घोर असन तं येऊ दे घरात, जात गेली चुलीत. मारोतरावले मीच धाडलं, इचारते का पाहाले. तू नावबी नाई काढलं. मंग तो सोता आला. तूनं सांगतलं, घोर नाई म्हनून." तिनं रिबकाचा हात थोपटला. "खरं बोलली तू. दुसरी असती तं फसवलं असतं. घरी आला आन मालेगावच्या पोरीले हो म्हनला. येत्या आखजीच्या सणाले लगन हाये."

रिबकानं चष्मा नाकावर नीट बसवला. "दिसते का, मावशी?"

"साफ दिसते. हात किती थिर झाले वं तुहे."

बंडी फाटकाबाहेर गेल्यावर ती गोमतीबाईकडे गेली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू म्हनली होती, उचलू नको."

गोमतीबाईचा फटकळपणा त्या दिवशी कुठं गेला कोण जाणे. "देवापासून उचलू नको म्हनलं, वेडे," ती हळूच म्हणाली. "मानसापाशी जीव बोलून दाखवू नको, असं कोन म्हनलं?"

रिबका देवळात जाऊन फरशीवर बसली. सवयीनं तळवे उघडले. हात जरासुद्धा कापत नव्हते. "बापा," ती म्हणाली आणि थांबली. ठेवायला घोरच नव्हता. रडू होतं तेवढं तिनं ठेवलं.