आरामात मोजलेल्या पेशी

"खोटा आहे तुझा रिपोर्ट! साफ खोटा!" रमिला वळवी यंत्रमानवावर खेकसली. रागाने तिची कानशिलं तापली होती.

साल २०५१. सातपुड्यातल्या त्या आश्रमशाळेच्या दवाखान्यात पेशींचा कडकपणा मोजणारा यंत्रमानव होता. मुलं त्याला मापाडी म्हणत. तिथे शिकणाऱ्या रमिलाला सिकलसेल (लाल रक्तपेशी कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात तो आजार) होता. नवं औषध लागू पडलं, पेशी मऊ झाल्या, असा निर्वाळा मापाडीने दिला होता. पण चढावर तिचे पाय अजूनही असह्य ठणकत. आणि गिरासे सर म्हणत, "नाटकं पुरे. उद्या सगळ्यांबरोबर डोंगर चढायचा." दुखणं हिचं आणि नाटकं म्हणे!

"मोजतोस तरी कसा?" तिने दरडावलं.

"पेशीच्या निम्म्या रुंदीच्या नळीतून एकेक पेशी ढकलतो. मऊ पेशी अंग चोरून झटकन पार होते, कडक पेशी रखडते. लागलेल्या वेळावरून कडकपणा कळतो. तुमच्या केशवाहिन्याही (सर्वांत बारीक रक्तनळ्या) अशाच अरुंद. तिथे पेशी अडल्या की रक्त तुंबतं आणि दुखतं. तुझ्या शंभरच्या शंभर पार झाल्या. नळीत प्राणवायू भरपूर होता..."

"थांब! चढावर मला धाप लागते. तेव्हा एवढा प्राणवायू असतो अंगात?"

"नाही. राबणारे स्नायू तो ओढून घेतात."

"म्हणजे पेशींना पाटावर बसवून मोजलंस होय रे! दमव त्यांना, मग मोज!"

मापाडीने नळीतला प्राणवायू घटवला. दारात आलेले गिरासे सरही त्याच्या पडद्याकडे पाहू लागले. एक पेशी अडली. मग दुसरी. शंभरातल्या एकसष्ट अडकल्या.

"या आजारात प्राणवायू घटला की पेशीतल्या हिमोग्लोबिनचे (प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचे) रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठ काड्या होतात," मापाडी म्हणाला. "जिवंत पेशीचा कडकपणा दगडासारखा कायम नसतो. हालत बदलली की तो बदलतो. मी चुकलो. औषधाची मात्रा आता या मापावरून ठरवता येईल."

सर ओशाळले. "अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं सर, मला दुखलं!" रमिलाचा आवाज फाटला. ती पुन्हा मापाडीकडे वळली. "असं आजवर किती जणांना ठणठणीत ठरवलंस?"

"दोनशे सोळा."

"बोलव सगळ्यांना. आणि रक्त घेण्याआधी विचार, कधी दुखतं ते."