सात तारखेचे तीन लाख

"तीन लाख कमी पडतायत," व्हिसा कार्यालयाच्या खिडकीतल्या बाई त्याला म्हणाल्या. तो "बरं" म्हणून बाजूला झाला. पुढचा नंबर तिचा. बाईंनी तिचे बँकेचे कागद उलटेपालटे केले, चष्म्यावरून पाहिलं. "तुमचेही तीनच कमी."

परदेशात वर्षभर राहून काम शोधायचा व्हिसा हवा, तर एकट्या माणसाच्या खात्यात बारा लाख दिसायला हवेत. तिच्याकडे नऊ. सात वर्षं लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवून, पोटाला चिमटा काढून साठवलेले नऊ! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

खाली जाताना लिफ्टमध्ये नेमका तोच. लिफ्टला हिसका बसला, तसा त्यानं भिंतीला कान लावला.

"ग्रीस संपलंय. घाबरू नका, मी लिफ्ट दुरुस्तीवालाच आहे."

"मी कुठे घाबरलेय?"

"मग नखं का खाताय?"

तिनं हात झटकन खाली घेतला.

"खिडकीवरचा तो बोर्ड वाचलात?" तो म्हणाला. "जोडप्याला मिळून अठराच लागतात. माझे नऊ, तुमचे नऊ…"

"ओळख ना पाळख, आणि—"

"अहो, मी नुसतं वाचून दाखवलं!"

आणि हसला. एक सुळा जरासा आत वळलेला… पण काय गोड हसू होतं मेल्याचं! एरवी ती लोकांच्या दातांत खोट शोधायची. त्या दिवशी नुसती बघत राहिली.

मग काय, व्हायचं ते झालंच. तिच्या लॅबच्या इमारतीतली लिफ्ट आठवड्यातून दोनदा 'तपासावी' लागू लागली. प्लास्टरच्या धुळीनं पांढरी झालेली ती बाहेर यायची, तो ग्रीसचे काळे हात पाठीमागे लपवून उभा असायचा. अहोजाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. पाच महिन्यांनी एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "करायचं का मग लग्न? अठरा होतात बघ."

ती "हो" म्हणाली. पण आत कुठेतरी टोचलंच. अठरा होतात म्हणे… दुसरं काही बोलायला जीभ झडते का याची?

ती आत्याकडे राहायची. आत्याचा कारभार सगळा रोखठोक. "त्याला तू हवीस, की तुझे नऊ लाख?"

"आत्या! काहीतरीच काय!"

आत्याला गप्प केलं, पण स्वतःच्या मनाला कोण गप्प करणार? विचारायला म्हणून दहादा तोंड उघडलं तिनं.

"ऐक ना… तू मला…"

"काय?"

"काही नाही. चहा गार होतोय."

आणि खरंच 'नऊ लाखच' असं उत्तर आलं असतं तर? त्या भीतीनंच ती मूग गिळून बसली. चौदा तारखेला दोघांनी नोंदणी कार्यालयात सह्या केल्या. साक्षीला आत्या. सही करताना त्यानं दोनदा पेन खाली ठेवलं, आणि त्याचाही तिनं भलताच अर्थ काढला. पुढचे चार दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

अठरा तारखेला दोघं पुन्हा त्याच खिडकीसमोर उभी होती. अर्ज तिनंच भरला होता, सुवाच्य अक्षरात. बँकेनं त्याच्या खात्याचे कागद बंद पाकिटात दिले होते. बाईंनी पाकीट फोडलं, कॅल्क्युलेटर दाबला आणि थांबल्या.

"रक्कम जुळत नाहीये."

ती खिडकीशी वाकली. "जुळत नाही म्हणजे? कमी आहेत?"

"अर्जात अठरा लिहिलेत. इथे एकवीस होतात." बाईंनी बोट ठेवलं. "यांच्या खात्यात सात तारखेला तीन लाख जमा आहेत. कुठून आले?"

त्यानं मान खाली घालून खिशातून एक कागद काढला. "जुन्या कंपनीनं थकवलेला पगार. हे त्यांचं पत्र."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "मग सात तारखेला तुमचेच बारा झाले होते की. एकट्याचा अर्ज चालला असता तुमचा."

"हो… माहीत होतं."

ती कागदाकडे बघत राहिली. सात तारखेला पैसे आले. लग्न झालं चौदाला. सात दिवस… सात दिवस याला तिच्या एका रुपयाचीही गरज नव्हती!

"मग बोलला का नाहीस?" ती त्याच्याकडे वळली.

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, 'तू हो पुढे, लग्नाचं मागाहून बघू.' तुझा मानीपणा मला माहीत नाही का?" त्याचे कान लालबुंद झाले होते. "आणि मला तर… पहिल्या दिवसापासून तूच हवी होतीस गं. ते अठरा-बिठरा सगळं तोंडदेखलं. सरळ विचारायची छातीच होत नव्हती."

"मूर्ख! चार रात्री जागून काढल्या मी!"

"अहो, मागे रांग आहे," बाई म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरेना. "आकडा दुरुस्त करा, सह्या करा. निकाल तीन आठवड्यांनी. आणि हमी काही नाही हं, नाकारतातही."

तिनं अठरा खोडून एकवीस लिहिलं. अक्षर पार वेडंवाकडं आलं. कागद आत सरकवले, तशी धाकधूक पुन्हा वर आली. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"नाकारला तर रे?"

"तर इथेच राहू."

"आणि मिळाला तर?"

"तर तिकडे. पण एवढं विचारतेस, तर एक मलाही सांग… तू हो म्हणालीस, ते माझ्यासाठी, की माझ्या नऊ लाखांसाठी?"

तिनं गर्रकन वळून पाहिलं. म्हणजे यालाही तेच टोचत होतं…? अख्खी रांग ऐकत होती. ऐकेना का!

"तुझ्यासाठी रे, वेड्या," ती म्हणाली. "फक्त तुझ्यासाठी."