खरा निरोप, खोटा गोल

चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता. गोलरक्षक तेजल घोरपडेने तो रेषेवरच झेप घेऊन पोटाशी धरला होता. तरीही पंचांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर ‘गोल’ अशी अक्षरं उमटली.

महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा तो उपांत्य सामना कोल्हापुरात चालला होता. तोवर चेंडूतच संवेदक (जागा आणि हालचाल टिपणारी इवलीशी चिप) आला होता. रेषा ओलांडली की चेंडू स्वतःच पंचांना निरोप पाठवायचा. कॅमेऱ्यांना मात्र तेजलच्या अंगाआडचा चेंडू दिसला नाही.

तेजलने सगळ्यांसमोर पंचांना लबाड म्हटलं. तिचा संघ हरला आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. “यंत्र कशाला खोटं बोलेल?” असं लोक म्हणू लागले.

तिची धाकटी बहीण इरा सातवीत होती. एकदा जेवताना तिने हळूच विचारलं, “ताई, थोडासाही आत गेला नव्हता?”

तेजल ताटावरून उठली.

त्यांची सुनेत्राआत्या गुप्तलेखनाची (निरोप सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्राची) संशोधक होती. ती मुद्दाम बंगळूरहून आली.

“लीगने चेंडूची चिप तपासली, ती ठीक आहे,” आत्या म्हणाली. “शिवाय प्रत्येक निरोपावर चेंडूची गुप्त खूण असते. दुसऱ्या कुणाला ती बनवता येत नाही.”

“म्हणजे ताईच चुकली?”

“तुमचं फाटक कसं उघडतं?”

“आमच्या आवाजाने.”

आत्याने तेजलला फाटकापाशी नेऊन ‘उघड’ म्हणायला लावलं आणि तो आवाज फोनवर घेतला. मग तेजलला घरात पाठवून तिने तोच आवाज फाटकासमोर वाजवला. फाटक उघडलं.

“आवाज कुणाचा होता?”

“ताईचाच. पण ती तर आत आहे.” इरा थबकली. “आवाज खरा, पण जुना.”

“याला पुनःप्रेषण म्हणतात. म्हणजे जुना खरा निरोप पकडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पुन्हा पाठवायचा. खूण खरीच असते, म्हणून यंत्र फसतं.”

“मग यंत्राने ओळखायचं कसं?”

“फाटकाने दर वेळी नवा आकडा सांगितला आणि तोच म्हणून दाखवायला लावला तर?”

“मग कालचा आवाज आज चालणार नाही. ओटीपीसारखंच की! मला तर त्याचा वैताग येतो.”

“सगळ्यांनाच येतो. म्हणून लोक असल्या सोयी बंद करून टाकतात,” आत्या म्हणाली.

तेजलने लीगकडे फेरतपासणी मागितली. तेव्हा कळलं, की त्या गोलचा निरोप आणि सामन्याआधी चेंडू रेषेपलीकडे नेऊन चाचणी घेतानाचा निरोप अक्षरशः एकच होता. दर निरोपाला नवा आकडा मागायची सोय यंत्रणेत होती. पण तिच्यामुळे घड्याळ किंचित उशिरा थरथरायचं आणि प्रेक्षक आरडाओरडा करायचे. कंटाळून मैदानावरच्या तंत्रज्ञांनी ती बंद ठेवली होती. प्रतिस्पर्धी संघाच्या तांत्रिक सहायकाने हे हेरून चाचणीचा निरोप पकडून ठेवला आणि सामन्यात पुन्हा पाठवला होता. त्याने गुन्हा कबूल केला.

बंदी उठली आणि सामना पुन्हा ठरला. अभिनंदनाचे फोन येऊ लागले, पण तेजलने ते घेतले नाहीत. “त्या दिवशी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही,” एवढंच ती म्हणाली. इरा तिला बिलगून बसली. “मीसुद्धा नाही, ताई,” ती म्हणाली. तेजलने तिला जवळ ओढलं.

नव्या सामन्यात अखेरच्या क्षणांत चेंडू तेजलच्या हातातून निसटला. तिने झेप घेऊन तो पुन्हा अंगाखाली घेतला. या वेळीही कॅमेऱ्यांना काही दिसलं नाही. आकड्याची सोय आता सुरू होती आणि घड्याळ अजून आकडा पडताळत होतं.

तेजल उठली आणि पंचांना म्हणाली, “आत गेला होता.”

मग घड्याळ थरथरलं.

तिचा संघ हरला. ती बाहेर येताना दोन्ही बाजूंचे लोक उठून उभे राहिले.

परतताना इराने विचारलं, “आत्या, पडताळणी राहील, पण थांबावं लागणार नाही, असं करता येईल का?”

“अजून कुणाला नीट जमलेलं नाही,” आत्या म्हणाली. “उद्या सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसू या.”