सात मिनिटांचे मौन

ज्याच्यापर्यंत जगाचे बोलणे आपल्याच मुखावाटे पोहोचते, त्याला सोडून स्वतःच्या सुखामागे जाणे हा अधर्म होय काय? आणि त्याच्यासाठी थांबून दुसऱ्या एका प्रेमळ जिवाला रिकाम्या हातांनी परत पाठवणे, हा तरी निखळ धर्म कसा म्हणावा? शास्त्रे थोर आहेत; परंतु अशा वेळी ती मागे उभी राहतात आणि निर्णय मनुष्यालाच करावा लागतो. पोलादपूरजवळच्या एका वाडीतील निशिगंधेला तो चोविसाव्या वर्षी करावा लागला.

सन २००३ चा मार्गशीर्ष होता. पोलादपूरच्या स्थानकात महाडकडे जाणारी एस.टी. घरघरत उभी होती. खिडकीत निशिगंधेची आई प्रयागबाई बसली होती. भावाकडे दासगावला निघालेली. धुळीमुळे काच लावलेली. निशिगंधा खाली उभी राहून, आवाज मुळीच न करता, केवळ ओठ हलवून म्हणत होती, “आये, डोळ्यांत थेंब घालायचे इसरू नको.”

काचेपलीकडून प्रयागबाईचे ओठ हलले, “घालीन गो. तू येळेवर जेव.”

वीस वर्षांपूर्वी तापात प्रयागबाईचे कान गेले होते. तेव्हापासून ती डोळ्यांनीच ऐकत असे.

गाडी गेली. निशिगंधा वळली, तो मागे एक तरुण उभा. खांद्याला पिशवी, मुद्रेवर संकोच.

“क्षमा करा… तुम्ही आत्ता जे बोललात ते त्यांना कळलं?”

“कळलं. तुम्हालाही कळायला हवं होतं का?”

तो गोरामोरा झाला. “तसं नव्हे… मी दीपक. मुंबईत जुन्या चित्रपटांचे आवाज दुरुस्त करतो. इथे आत्याकडे आलोय. माझी सात मिनिटं हरवली आहेत.”

“मग स्थानकावर चौकशीच्या खिडकीत विचारा,” ती म्हणाली. मात्र निघून गेली नाही.

हकीकत अशी होती. पन्नास वर्षांपूर्वीचा एक कृष्णधवल विनोदी चित्रपट त्याच्या कचेरीत नव्याने उजळला जात होता. लोकांना घरी बसून पाहता यावा म्हणून त्याची व्हीसीडी निघायची होती. स्वतःच्या लग्नातून पळालेली एक श्रीमंत मुलगी, तिला चोर समजणारा एक विसराळू प्राध्यापक, आणि जिच्यावरून दोघांनी अखंड भांडावे अशी एक शेळी, एवढाच त्याचा संसार. चित्र स्वच्छ झाले होते. परंतु मधल्या सात मिनिटांचा ध्वनी कुजून गेला होता. संहिता उरली नव्हती, नटही उरले नव्हते. उरले होते ते केवळ हलणारे ओठ.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई परतली आणि तिच्या ओटीवर, टीव्हीसमोर, काम सुरू झाले. दीपक चित्र थांबवी, मागे नेई, पुन्हा चालवी. मायलेकी ओठ वाचत आणि तो वहीत उतरवून घेई. नायक-नायिका एवढ्या वेगाने भांडत की निशिगंधा थकून जाई. प्रयागबाई मात्र सरसावून पुढे बसे.

“हा मेला म्हणतोय, ‘तुझ्यापेक्षा ही बरी, निदान पाला तरी गप खाते.’ आनी हात शेळीकडं दावतोय,” असे म्हणून ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

उतरवलेले संवाद जुळतात की नाही, हे पाहण्यासाठी दीपक आणि निशिगंधेला ते मोठ्याने म्हणावे लागत.

“मला तुमचं तोंड पाहायचं नाही,” निशिगंधा वहीतून वाची.

“मग डोळे मिटा, मी इथेच बसतो,” दीपक उत्तर देई. आणि थोडे थांबून, “पुन्हा म्हणता? मला नीट ऐकू आलं नाही.”

“तुम्ही तर आवाजाचे वैद्य ना?”

“म्हणून तर… औषध दोनदा घ्यावं लागतं.”

ती मान खाली घाली, वहीची पाने चाळी, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणे; या खेपेस जरा हळू. भांडणाचे शब्द होते, पण त्यांतला राग कुठे गळून गेला होता, हे त्या दोघांनाही उमगत होते. चार दिवसांत सात मिनिटे पुरी झाली. पाचव्या दिवशी कामाचे निमित्त नव्हते, तरीही दीपक आला.

प्रयागबाई सुपात तांदूळ निवडत होती. निशिगंधा समोर खांबाशी बसली होती. दीपकला वाटले, मोठ्याने बोललो तर शेजारी ऐकतील. म्हणून त्याने आवाज गिळला आणि केवळ ओठांनी, एकेक अक्षर सावकाश उमटवत विचारले, “माझ्याशी लग्न कराल?”

बिचारा विसरला. अन्य कोणत्याही घरात ते गुपित राहिले असते. या घरात मुके बोलणेच सर्वांत मोठ्याने ऐकू येत असे.

“लग्नाचं ईचारतोस ना रे,” प्रयागबाई खणखणीत आवाजात म्हणाली, “मग तोंड कशाला लपवतोस? माझी ना नाय. हिला ईचार.”

दीपकचे कान लाल झाले. निशिगंधेला हसू आले, आणि त्याच क्षणी ते ओठांवरच विरले. ती उठून उभी राहिली आणि आईकडे पाठ करून दीपकसमोर आली. त्या घरात खाजगी बोलायचे तर पाठ फिरवणे एवढाच आडोसा होता.

“मी काय सांगते ते ऐका, आणि चेहरा हलू देऊ नका. ती तुमच्याकडे बघतेय.” तिचा आवाज स्थिर होता, हातांच्या मुठी मात्र वळलेल्या होत्या. “महाडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आयेचे डोळे जाताहेत. दोन वर्षं, फार तर तीन. तिला ठाऊक नाही. आज वाडीतलं लहान पोरसुद्धा तिच्याकडे तोंड करून बोलतं. डोळे गेले की यातलं काही उरणार नाही. तिच्या हातावर कुणाचा हात असेल, एवढंच कळेल. तो हात माझा असायला हवा… याच घरात, जिथली प्रत्येक भिंत तिच्या पायांना माहीत आहे.”

दीपकच्या मनात शंभर शब्द उभे राहिले. मी इथे येईन, मी थांबेन, आपण तिघे मिळून काही करू. परंतु प्रयागबाईची नजर त्याच्या ओठांवर खिळली होती. त्याने एक शब्द उच्चारला असता, तर त्या मातेला आपले भविष्य त्याच्या मुखावर वाचावे लागले असते.

निशिगंधा हलकेच म्हणाली, “मला तुम्ही आवडता. हे खोटं नाही. पण आज जा.”

दीपक प्रयागबाईकडे वळून, तिला स्वच्छ वाचता यावे अशा बेताने म्हणाला, “आई, तुमच्या लेकीला मी पसंत नाही.”

सूप बाजूला सरले. “आगो, एवढा गुणाचा पोरगा… तुला राजा पायजे व्हता काय?”

दीपकने वाकून प्रयागबाईला नमस्कार केला, पिशवी उचलली आणि तो पायवाट उतरून गेला.

वैशाखात टपालाने व्हीसीडी आली. सोबत एकच ओळ होती: “पत्ता बदललेला नाही, बदलणारही नाही.” निशिगंधेने चिठ्ठी घडी करून ठेवली आणि चित्रपट लावला. प्रयागबाई आता पडद्याच्या अगदी निकट बसली होती. पूर्वीइतकीच हसत होती. फक्त थोडी उशिरा.

चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, “खरं सांग गो. तो का नको झाला तुला?”

निशिगंधेने तिचा हात मांडीवर घेतला. “आये, एक खेळ खेळू. डोळे मीट. मी लिहिते, तू वळख.” प्रयागबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने मुकाट्याने डोळे मिटले. लेकीचे बोट तळहातावर फिरू लागले: प्रथम एक अक्षर, मग दुसरे, मग तिसरे.

“दी… प… क,” प्रयागबाई हळूहळू म्हणाली. मग डोळे न उघडताच तिने विचारले, “मंग ‘नको’ का बोललीस?”

बोट जागीच थबकले.

“नको लिवूस,” प्रयागबाई म्हणाली, आणि तिने लेकीचे बोट आपल्या मुठीत घट्ट धरले. “थेंब घालून बी डोळ्यांपुढला धूर हटत नाय, ते मला दिसतंय गो. मलाच पैलं दिसलं. उद्या पुढली अक्षरं शिकव. आनी त्या पोराला पत्र धाड. काय लिवायचं ते तुझं तू ठरव.”

निशिगंधेने काय लिहिले, ते आपण विचारू नये. त्या मातेच्या नेत्रांत प्रकाश शक्य तितके दिवस नांदो. तो मावळेल तेव्हा तिच्या तळहातावर प्रेमाची अक्षरे कधीही कमी न पडोत. आणि दूर मुंबईत दुसऱ्यांचे हरवलेले आवाज शोधणाऱ्या त्या तरुणाला, उशिरा का होईना, आपल्या नावाची एक हाक ऐकू येवो.