काष्ठाम्लाची मात्रा

मंगळावरच्या वसाहतीत यमुना भोईटे एकटी होती. सोबतीला होते सहा वाफे. काचेच्या घुमटाखाली पालक, मेथी, मुळा आणि कडेला सुबाभळीची रांग. पुढची आठ माणसं इथे यायची तर या वाफ्यांनी त्यांना पोसायला हवं, आणि ते जमतं का हे बघायलाच मोहिमेच्या समितीने तिला दोन वर्षांसाठी पुढे धाडलं होतं.

सुबाभळीच्या छाटलेल्या फांद्या ती बंद भट्टीत भाजायची. कोळसा मातीत जायचा. धूर नळीतून जाताना थंड व्हायचा आणि त्याचं तपकिरी, आंबट पाणी खाली ठिबकायचं. त्याला ती काष्ठाम्ल म्हणायची. तीन महिने ते मुळीच हलवायचं नाही. वर तेलकट तवंग येतो, तळाशी डांबर बसतं, मधलं तेवढं काढून घ्यायचं. पाचशे भाग पाण्याला एक भाग, त्याहून तेज झालं तर पीक करपलंच म्हणून समजा. पृथ्वीवरच्या बागायतदारांची ही जुनी युक्ती इथे भलतीच लागू पडली. पालकाची पानं दुप्पट झाली.

असं का होतं, ते मोहिमेचे वनस्पतितज्ज्ञ डॉ. फरीद तांबोळी यांनी शोधलं. ते दापोलीत बसून यमुनाशी बोलत. एक निरोप गेला की उत्तर यायला अर्धा तास लागे, त्यामुळे दोघंही मोजकंच बोलायची.

“यमुनाताई, हे खत नाही, ही बातमी आहे. धुरातले काही रेणू झाडाला सांगतात की रान जळालं, आजूबाजूला कुणी उरलं नाही. मग झाड शेजाऱ्यांकडे मुळं पाठवत नाही, आपली साखर वाटत नाही. सगळा जोर स्वतःच्या वाढीला लावतं.”

“म्हणजे आपण त्यांना खोटं सांगतोय.”

“हो. आणि ती बिचारी विश्वास ठेवतात.”

यमुनाला हसू आलं. रिकाम्या घुमटात ते हसू तिचं तिलाच कसंसं वाटलं.

पहिले आठ महिने केतकीची, तिच्या लेकीची, बोलकी पत्रं दर आठवड्याला येत. वसतिगृहातली पातळ आमटी, मैत्रिणींचे रुसवेफुगवे, सगळं त्यात असायचं. मग समितीने कळवलं, पृथ्वीवरची मोठी अँटेना बिघडली आहे, यापुढे फक्त कामाचे निरोप. दर मंगळवारी उत्पादनाचे आकडे सांगून झाले की यमुना विचारायची, अँटेना झाली का? नाही, असं उत्तर यायचं. जुनी पत्रं ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाली. एकटेपणा खायला उठायचा. मग तिने स्वतःला कामाला जुंपलं, अगदी सोळा-सोळा तास. आठ सोडा, बारा माणसं जेवतील एवढी भाजी निघू लागली आणि समिती तिच्यावर बेहद्द खूश झाली.

झाडांशी चाललेला खोटेपणा मात्र तिच्या मनातून जाईना. तिने तिसऱ्या वाफ्याचं काष्ठाम्ल बंद केलं आणि तिथेच थोडी नवी मेथी पेरली. दोन महिन्यांनी माती उकरून पाहिली. नव्या मेथीची मुळं एकमेकांत छान गुंतली होती. जुनी झाडं मात्र जिथल्या तिथे, मुळं आपल्याभोवतीच गुंडाळून बसलेली. तिने तांबोळींना चित्रं पाठवली.

“बातमी खोटी होती हे जुन्या झाडांना कळतच नाही, डॉक्टर. धूर गेला तरी ती एकटीच राहतात.”

अर्धा तास गेला, दिवस गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पडद्यावरचे तांबोळी बरेच थकलेले दिसत होते.

“यमुनाताई, अँटेना कधी बिघडलीच नव्हती. झाडांवर जे चालतं ते माणसावर चालेल का, असं समितीने विचारलं आणि मी हो म्हणालो. पत्रं अडवायचा सल्ला माझा. मला वाटलं होतं, पत्रं पुन्हा सुरू केली की सगळं पूर्ववत होईल. तुमचा तिसरा वाफा पाहिला आणि माझी चूक कळली. एकेचाळीस पत्रं आहेत, सगळी पाठवतोय. माफी मागायला मला तोंड नाही.”

यमुनाने पत्रं लावली. ‘आई, तू उत्तर का देत नाहीस?’ हे सहाव्या पत्रात होतं. विसाव्यात केतकी रडत होती. शेवटच्यात म्हणत होती, ‘तू कामात असशील, तरी मी बोलतेच आहे.’ एकेचाळीस पत्रं तिने एका बैठकीत ऐकली आणि संताप यायची वाट पाहत राहिली. निदान रडू तरी यावं. आवाज गोड होता, कुणाच्या तरी गुणी मुलीचा होता. अँटेनाची चौकशी आपण चार महिन्यांपूर्वीच सोडली, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

तिने निरोप पाठवायची कळ दाबली.

“डॉक्टर, पत्रं मिळाली. तिसऱ्या वाफ्यातली जुनी झाडं मी उपटलेली नाहीत, रोज पाणी घालते. केतकीला सांगा, बोलणं थांबवू नकोस. मला काही वाटत नाही, हे मात्र तिला सांगू नका.”

मग आणखी काही सांगायचं राहिलं का याचा तिने विचार केला. मंगळवार होता, म्हणून तिने मेथीचं वजन सांगितलं.